जप्त केलेली सुई

हातकामातून शिकवणाऱ्या वॉल्डॉर्फ या परदेशी पद्धतीच्या प्रशिक्षणात तिसऱ्या दिवशी आम्हा शिक्षकांच्या हातात सुई-दोरा दिला. शहरातून आलेल्या ताई म्हणाल्या, "टाके मोजता मोजता मूल गणित शिकतं. तुमच्याकडच्या मुलांना हे नवीन असेल."

माझं डोकंच फिरलं. मी सेनगावजवळच्या बंजारा तांड्यावर वाढले. शाळेची पायरी न चढलेली माझी आई घागऱ्यावर आरसे बसवायची, तेव्हा एक टाका इकडचा तिकडे होत नसे. तिला गणित येतं असं कुणी कधी म्हणालं नाही. आणि आता तेच परदेशी नाव लावून आम्हालाच शिकवायला निघाले! मी ताडकन उभी राहिले आणि सगळं ऐकवलं.

ताईंनी शांतपणे विचारलं, "मग तुमच्या वर्गात भरतकाम होतं का?"

मी खाली बसले. चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात चौथीतली एक मुलगी गणिताच्या तासाला मांडीवर कापड घेऊन भरत बसायची. मी ते हिसकावून कपाटात टाकलं होतं आणि विसरून गेले होते.

शाळेत परतल्यावर कपाट उघडलं. अर्धवट फूल, त्यात गंजलेली सुई. तसंच ते घेऊन तिच्या घरी गेले. मुलगी आता आठवीत होती. म्हटलं, "हे पूर्ण कर गं. वर्गात येऊन लेकरांना शिकव."

तिनं कापड उलटसुलट करून पाहिलं.

"आता येत न्हाई, मॅडम. तुमीच म्हणल्या होत्या, हे अडाणी बायांचं काम हाय म्हणून."