मावससासूबाईंचा दहावा खंड

काशीला माणसं येतात ती पुन्हा या पृथ्वीवर यायला लागू नये म्हणून. माझ्या मावससासूबाई काशीतच जन्मल्या, काशीतच वाढल्या, आणि त्यांची इच्छा अगदी उलटी आहे. एकदा पृथ्वी सोडून जावं, दोन-चार ग्रह नीट हिंडून पाहावेत आणि संध्याकाळच्या चहाला घरी परत यावं. मोक्षाच्या गावात राहून परतीचं तिकीट मागणारी दुसरी व्यक्ती माझ्या माहितीत नाही. बँकेने माझी बदली बनारसला केली तेव्हा बायकोने बजावलं होतं, "मावशीकडे जा, पण ती जे विचारेल त्याला चटकन उत्तर देऊ नका." पहिल्याच भेटीत मी वाकून नमस्कार केला. आशीर्वाद देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "जावईबापू, समजा तुम्हाला दुसऱ्या ग्रहावर पाठवलं आणि तुम्ही पोहोचेपर्यंत इथे शंभर वर्षं उलटली, तर जाल?" मी बायकोचा सल्ला विसरलो आणि म्हणालो, "प्रमोशन देणार असतील तर जाईन." त्या इतक्या खूश झाल्या, की चूडा-मटरची, म्हणजे तिकडच्या मटार घातलेल्या पोह्यांची, दुसरी बशी न विचारता माझ्यासमोर आली.

मावशींचं घर पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, एका अशा गल्लीत आहे, जिथे समोरून गाय आली तर माणसाने मागे फिरायचं असतं. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर संस्कृत शिकवलं. विभक्ती शिकवताना इतर शिक्षिका रामाला वनात पाठवत, तेव्हा मावशी यंत्रमानवाला चंद्रावर पाठवत. हे वेड लागलं कसं, तर घाटाजवळच्या गेस्ट हाऊसांत उतरणारे परदेशी लोक जाताना आपली वाचलेली पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकून जातात. तिथे शब्दकोश शोधायला गेलेल्या मावशींच्या हाती एक अंतराळातली कादंबरी लागली. इंग्रजी बेताचंच होतं. शब्दकोशही घेतला आणि त्याच्या जोरावर त्यांनी ती कादंबरी वाचून काढली. शेवटी कळलं, की शेवटची काही पानंच गायब आहेत. यान पृथ्वीवर परत येतं की नाही, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. त्या म्हणतात, "तेव्हापासून शोधतेच आहे. तो शेवट नाही सापडला, पण रस्त्यात बाकीची पुस्तकं सापडली."

लेखकांच्या बाबतीत मावशींची वागणूक कडक शिक्षिकेची आहे. कादंबरी वाचून झाली, की शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीने शंभरपैकी गुण आणि शेरा पडतो. 'कल्पना उत्तम, शेवट घाईत.' 'ग्रहाला दोन चंद्र आहेत हे लेखक मध्येच विसरले.' 'परग्रहावरची माणसं इंग्रजांसारखी का वागतात?' आवडत्या लेखकांना त्यांनी जेवणाच्या पंगतींत बसवलेलं आहे. पहिल्या पंगतीत मोजकीच मंडळी, दुसरीत कामचलाऊ, आणि ज्यांना गुरुत्वाकर्षणाची पर्वा नाही ते उंबऱ्याबाहेर. एकदा मी एका लेखकाची बाजू घेऊन म्हटलं, की इतका विकला जातो म्हणजे काहीतरी असेलच. मावशी शांतपणे म्हणाल्या, "कचौडीपण फार विकली जाते. तिला कोणी पहिल्या पंगतीत नाही बसवत."

त्यांच्या शंकांची झळ घरी येणाऱ्या प्रत्येकाला बसते. श्राद्धाला आलेल्या गुरुजींना त्यांनी ऐन पिंडदानाच्या आधी विचारलं, "माणूस मंगळावर गेला आणि तिथेच वारला, तर तिथी कुठली धरायची? तिथला दिवस वेगळा, वर्ष दुप्पट लांब." दुसरीकडचे गुरुजी असते तर रागावले असते. हे काशीचे. त्यांनी विधी पुरा केला, जेवले, दक्षिणा घेतली, आणि दोन दिवसांनी भर दुपारी गल्ली चढून पुन्हा आले. उंबऱ्यातूनच म्हणाले, "पिंड ज्या गावी द्यायचा, त्या गावची तिथी. मंगळावर काय वाजले होते त्याच्याशी आपल्याला मतलब नाही." मावशींनी त्यांना आत बोलावून चहा दिला. पहिल्या पंगतीत बसलेले, एकही पुस्तक न लिहिलेले ते एकमेव गृहस्थ.

मावशींना वाद घालायला तोलामोलाचा माणूस मात्र एकच होता, तो म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे राहणारे प्रोफेसर. त्यांचं घराणंही जुनं काशीकर मराठी. विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. आता भौतिकशास्त्राच्या माणसाने मावशींची बाजू घ्यावी की नाही? पण प्रोफेसरांना यान म्हटलं की जांभई येई. त्यांना हवेत ड्रॅगन, मंतरलेल्या तलवारी आणि शापित राजे. "बाई, जन्मभर सूत्रं मांडली. आता रिटायर होऊनसुद्धा तेच वाचू?" असं ते म्हणत. त्यावर मावशी म्हणत, "मी जन्मभर पुराणं शिकवली. शाप, वरदान, उडते घोडे, सगळं घरचं आहे. ते विकत आणून कशाला वाचू?" रोज संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसून ही दोघं एकमेकांची पुस्तकं न वाचता त्यांच्यावर टीका करत. नावाडी त्यांना नवरा-बायको समजत, कारण इतकं भांडण परक्या माणसांत होत नाही, असं त्यांचं मत होतं.

मग प्रोफेसर घरातल्या जिन्यावरून पडले. मुलगा बंगळुरूहून आला आणि त्यांना घेऊन जायचं ठरलं. जाण्याच्या आदल्या सकाळी ते हमालाच्या डोक्यावर एक पोतं देऊन मावशींकडे आले. मी तिथेच होतो. पोत्यात त्यांच्या लाडक्या ड्रॅगनमालेचे नऊ खंड होते.

"बाई, हे ठेवा. तिकडे फ्लॅटमध्ये जागा नाही."

"मी नाही हे पढणार."

"नका पढू. ओल लागू देऊ नका, एवढं बघा."

मावशींनी त्यांना प्रवासासाठी मठरी, म्हणजे तिकडच्या खाऱ्या पुऱ्या, बांधून दिली आणि ते काठी टेकत गल्ली उतरून गेले.

पायऱ्यांवरचं भांडण त्यानंतर फोनवर सुरू झालं. काही महिने ते जोरात चाललं. मग एका संध्याकाळी प्रोफेसरांनी मध्येच विचारलं, "बाई, त्या ड्रॅगनमालेतल्या राजकन्येचं पुढे काय झालं हो? काही केल्या आठवत नाही." मावशींना वाटलं, ही मला ती पुस्तकं वाचायला लावायची चाल आहे. त्यांनी चांगलंच सुनावलं. दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांनी तोच प्रश्न तशाच आवाजात विचारला. मग मुलाने फोन घेतला आणि जरा बाजूला जाऊन सांगितलं, की बाबांचं विसरणं वाढत चाललंय, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय. "कधी कधी मलासुद्धा ओळखत नाहीत, मावशी. पण संध्याकाळ झाली, की बाईंचा फोन आला का, असं विचारतात."

त्या रविवारी मी गेलो तेव्हा मावशी पहिला खंड घेऊन बसल्या होत्या. माझी नजर मुखपृष्ठावरच्या ड्रॅगनवर गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "एवढ्या वजनाचा प्राणी एवढ्याशा पंखांनी उडूच शकत नाही. पण चला." दिवसा वाचायचं आणि संध्याकाळी स्पीकर लावून फोनवर सांगायचं, असा नेम सुरू झाला. वर्गात सांगावं तसं त्या सांगत, आवाज चढवून, उतरवून. पलीकडून प्रोफेसर लहान मुलासारखे विचारत, "अरे! मग?" जी गोष्ट त्यांना पाठ होती ती त्यांना पुन्हा कोरी करकरीत मिळाली होती. मावशींनाही ती पहिल्यांदाच भेटत होती, पण हे त्यांनी कबूल केलं नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "शापाची व्यवस्था या माणसाने बरी लावली आहे."

नववा खंड संपला त्या दिवशीही मी तिथे होतो. राजा मेला, ड्रॅगन डोंगरापलीकडे निघून गेला, मावशींनी मोठ्या समारंभाने पुस्तक मिटलं. फोनवर प्रोफेसरांनी विचारलं, "मग पुढे?"

"पुढचं उद्या," मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, "मावशी, पुन्हा पहिल्या खंडापासून सुरू करा. त्यांना काय कळणार आहे?"

"त्यांना नाही कळणार. पण मला आता सगळं माहीत आहे ना. मग आवाज खोटा पडतो. तो मात्र त्यांना कळेल."

म्हणून दहावा खंड सुरू झाला. तो कुठेही छापलेला नाही. डोंगरापलीकडे गेलेला ड्रॅगन एका मोठ्या नदीच्या वाळूवर उतरला. मावशींनी त्याचे पंख आधी पुरेसे मोठे करून घेतले. मागे राहिलेली राजकन्या गाव सोडून त्याच्या शोधात निघाली, वाटेत एका शाळेत मुलींना शिकवू लागली. लढाया संपल्या होत्या, कारण मावशींना लढाया सांगता येत नाहीत. माणसं एकमेकांकडे जात, बसत, बोलत.

गेल्या महिन्यात मी समोर असताना प्रोफेसरांनी मध्येच थांबवून विचारलं, "बाई, हा खंड लिहिलाय कोणी?"

मावशी गडबडल्या. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे? त्याच लेखकाने."

"वाटत नाही. तो असा नाही लिहीत."

"वाईट आहे का?"

प्रोफेसर म्हणाले, "नाही. हा म्हातारा झालेला दिसतो. आता त्याला घाई नाही." आणि लगेच, "उद्या फोन कराल ना?"

"करीन."

मावशींनी फोन ठेवला. खाली घाटावर आरतीची तयारी चालली होती, पुसताना वाजणाऱ्या घंटांचा आवाज येत होता. त्या खिडकीशी जाऊन बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या काय सांगू हो, जावईबापू?"

असली एकही कादंबरी मी आयुष्यात वाचलेली नाही. तरी जरा विचार करून म्हटलं, "राजकन्येला ताप येऊ दे."

"मग?"

"मग ड्रॅगन तिच्यासाठी वैद्याला आणायला जाईल. वैद्य म्हातारा असेल. त्याला पाठीवर बसायची भीती वाटेल."

मावशींनी मनाशी हिशेब केल्यासारखं बोटांवर काहीतरी मोजलं.

"चार दिवस निघतील त्यात," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.