जयंतीच्या जनरेटरचं तेल

जनरेटर माझा आहे, म्हणून ही गोष्ट सांगायचा पहिला हक्कही माझाच. नाचणगावात मंडप, दिवे आणि भोंगे भाड्यानं देणारे बरेच आहेत, पण समोसे-आलुबोंड्यांच्या तेलावर जनरेटर चालवलेला माणूस मी एकटाच. आणि तो मी स्वखुशीनं चालवलेला नाही, हेही आधीच सांगून टाकतो. त्यामागं पौर्णिमा आहे.

पौर्णिमा म्हणजे माझ्या शेजारच्या नानाजींची सून. नवरा रत्नदीप पुलगावात गॅरेजवर असतो. बचत गटाच्या बाकी बायका पापड-लोणच्यात रमलेल्या असताना ही बाई वर्ध्याला कुठल्याशा प्रशिक्षणाला गेली आणि वापरलेल्या तेलापासून डिझेल करायचं शिकून आली. तेव्हापासून स्कूटीला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून ती पुलगावातली हॉटेलं फिरते. तळून तळून काळं पडलेलं तेल विकत घेते, जुन्या लुगड्यातून गाळते, त्यातलं पाणी उडेपर्यंत तापवते. तेल गार झालं की स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळत बसते. रात्रभरात जड गाळ खाली बसतो आणि वर मधाच्या रंगाचं इंधन राहतं. ते धुवायचं, कोरडं करायचं, की झालं. ऐकायला सोपं आहे. मी एकदा हौसेनं ढवळायला बसलो आणि थोड्याच वेळात कंबर धरून उठलो. वर बिडी पेटवायला गेलो, तर तिनं काडेपेटी हिसकावून सरळ रस्त्यावर फेकली.

दोन शेतकरी तिचं इंधन पंपाला वापरतात आणि एक मालवाहू ऑटो त्यावर धावतो. तो ऑटो गल्लीतून गेला की मागं तळणाचा वास दरवळतो आणि पोरं आयांना विचारतात, "भजे कोनाकडं होऊन राह्यले?"

यंदा चौदा एप्रिलच्या तयारीची बैठक विहारात बसली. मागच्या वर्षी माझ्या जनरेटरच्या धुरानं मिरवणुकीत अर्धे लोक खोकत होते, हा विषय कोणीतरी मुद्दाम काढला. मी उत्तर शोधतोय तोवर पौर्णिमा उठून उभी राहिली.

"यंदा जनरेटरचं तेल माह्याकडून. तेच माही वर्गणी समजा."

"अन् मिरवणूक मधातच थांबली त?" मी विचारलं. इंजिन माझं, जीव माझा जळणार.

"त मी ढकलीन, भाऊजी. तुमी वर बसजा."

सगळे हसले आणि ठराव झाला. पण मला धास्ती होती. मिरवणूक पुलगावपर्यंत जाते; तिथं भर रस्त्यात दिवे विझले, तर तिच्या तेलाला पुढं कोणी हात लावणार नव्हतं. दोन वर्षांची तिची मेहनत एका संध्याकाळी पाण्यात गेली असती.

बैठकीत हसले नाहीत ते एकटे नानाजी. नानाजी गिरणीतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले, पण पाठीचा कणा अजून ताठ. मिरवणुकीत पुढचा निळा झेंडा दर वर्षी त्यांच्याच हातात. त्यांचे वडील छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले, तेव्हा त्यांनी घरातली एक हंडी अंगणात आणून फोडली होती. त्या हंडीत लोकांच्या मागच्या दारी मिळालेलं उष्टं अन्न यायचं. नानाजी तेव्हा लहान होते, पण ती हंडी फुटलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

घरी आल्यावर ते सुनेला म्हणाले, "उष्ट्या तेलाचा उजेड बाबासाहेबाच्या फोटोवर पाडतं काय? माह्या बापानं उष्टं सोडलं, अन् मी त्या उजेडात झेंडा धरू? मी यंदा घरीच बसतो."

"मामाजी, मी इकत घेतो ते तेल."

"इकत घेतलं तरी उष्टं उष्टंच राह्यते."

सासरा झेंड्याविना घरी बसणार म्हणजे आपल्या सगळ्या उद्योगावर फुली मारणार, हे पौर्णिमाला कळत होतं. तरी तिनं काम थांबवलं नाही. तापवून ठेवलेलं तेल तिनं संध्याकाळी तपासलं. तेल जितकं जळकं, तितकं कॉस्टिक जास्त लागतं, म्हणून हे तपासणं आधी करावं लागतं. सकाळी पिंप उघडलं तर तेल चांगलं स्वच्छ दिसलं. बाई खूश. लुगडं नवीन लावलं त्याचाच हा गुण, असं समजून तिनं आदल्या संध्याकाळच्या मापानं कॉस्टिक घातलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली. मी पिंपात काठी घातली आणि हात सोडला, तर काठी उभीच राहिली.

"साबन झालं, भाऊजी," पौर्णिमा म्हणाली. तिचा चेहरा पाहवत नव्हता. जयंतीला तीनच दिवस उरले होते.

"काऊन झालं असंन?" मी विचारलं.

उत्तर मागून आलं. बाजेवर बसलेले नानाजी जमिनीकडे बघत म्हणाले, "तेल मी बदललं."

मग सगळं बाहेर आलं. नानाजींनी किराणा दुकानातून ताज्या सोयाबीन तेलाचे दोन पिपे, म्हणजे पत्र्याचे मोठे डबे, आणले होते आणि सून झोपल्यावर पिंपात भरले होते. आधीचं जळकं तेल गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून त्यांच्या बुडाशी ओतून टाकलं होतं. ताज्या तेलाला अगदी थोडं कॉस्टिक पुरतं. जळक्याचं माप पडल्यावर साबणाशिवाय दुसरं काय होणार?

"जयंतीले चांगलं तेल द्याव म्हनलं," नानाजी म्हणाले. "म्हंजे मले बी झेंडा धरता आला असता."

आता आभाळ कोसळणार म्हणून मी दोन पावलं मागं सरलो. पौर्णिमानं पिंपातली काठी उपटून काढली. मग म्हणाली, "ताजं तेलच जाळाचं होतं, त मले सांगाचं. आधी भजे तरी तळले असते." तिचं तिलाच हसू आलं. नानाजींच्या मिशाही जरा हलल्या. "उठा मामाजी. आता तेल आनाले तुमीच चला माह्यासंगं."

साबण वाया गेला नाही. उन्हात ठेवून बायकांनी त्यानं विहाराची फरशी घासली. तशी लखलखीत फरशी मी जन्मात पाहिली नव्हती.

माझा टेम्पो घेऊन आम्ही पुलगावात मोतीलालच्या हॉटेलला गेलो. उतरल्याबरोबर नानाजींनी कॅन उचलला आणि कोणी काही न सांगता ते बाजूच्या बोळात शिरले. त्या बोळाच्या टोकाला हॉटेलचं मागचं दार आहे, तिथं कढया घासतात. ते दारापासून जरा लांब, भिंतीला लागून उभे राहिले. उभं कुठं राहायचं हे ते लहानपणीच त्या हंडीबरोबर शिकले होते, ते मला तेव्हा कळलं.

"तिकडं कुठं, मामाजी? इकडून या," पौर्णिमानं समोरून हाक मारली.

ती पंख्याखालच्या टेबलाशी बसली होती. मोतीलालनं आम्हाला चहा सांगितला आणि आतून स्वतः दोन पिपे उचलून आणले. पौर्णिमानं एका पिप्यातलं चमचाभर तेल शेजारच्या भट्टीवरच्या गरम तव्यावर टाकलं. ते चरचरून उडालं.

"हे नाई चालत. लय पानी हाय यात. रस्सा सांडला असंन."

"चुकून झालं ताई," मोतीलाल म्हणाला. "जयंतीचं काम हाय, चालवून घ्या ना."

"जयंतीचं काम हाय म्हनूनच नाई चालवत."

मोतीलालनं निमूटपणे पिपा उचलला आणि दुसरा आणला. नानाजींची कपबशी हातातच थांबली होती. उष्टं घेणाऱ्याला नको म्हणता येत नाही. पदरात पडेल ते घेऊन निघायचं असतं. इथं त्यांची सून खुर्चीवर बसून मालकाला पिपा परत न्यायला लावत होती. नानाजींनी कप खाली ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि नव्या पिप्याकडे बोट दाखवलं.

"याचं बी पाहून घेजो, बाई."

पौर्णिमा आणि रत्नदीपनं दोन दिवस घासून काम केलं. तरी जयंतीच्या संध्याकाळी मी टेम्पोत ताडपत्रीखाली पंपावरच्या डिझेलचा एक कॅन लपवून ठेवला होता. माझा विश्वास होता, पण इंजिन माझं होतं. नानाजी पांढऱ्या सदऱ्यात झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं उभे होते. बसस्टँडच्या वळणावर जनरेटर एकदा खोकला, दिवे मिणमिणले. माझा हात ताडपत्रीकडे गेला. नानाजींनी मागं वळून पाहिलं, ते माझ्याकडे नाही, सुनेकडे. पौर्णिमानं हातानं चला अशी खूण केली, नानाजी चालू लागले आणि दिवे पुन्हा भरभरून उजळले. मिरवणूक संपेपर्यंत ते तसेच राहिले. वाटेत साऱ्या रस्त्याला तळणाचा वास सुटला होता आणि लोक रांगा सोडून मोतीलालच्या हॉटेलाकडे वळत होते. त्याचे आलुबोंडे त्या दिवशी पुरले नाहीत.

हल्ली स्कूटीवर मागं नानाजी असतात. हॉटेलात समोरून जातात, पंख्याखाली बसतात, तव्यावर तेल टाकायला लावतात आणि आठवड्यातून एखादा तरी पिपा परत पाठवतात. परवा मोतीलालनं मला अडवलं. "तुमच्या म्हाताऱ्याले समजवा ना. आत्ता एक नंबर तेल होतं, नाई चालत म्हनून सांगून गेले."

संध्याकाळी मी ते पौर्णिमाच्या कानावर घातलं.

"मले माहीत हाय," ती कॅन धूत म्हणाली. "चांगलंच होतं ते तेल. मामाजीले नका सांगजा भाऊजी, दुपारी मी एकटी जाऊन घेऊन आली."