कणग्याखालचे रुपये

खांदा कॉलनीत राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी जमिनीतला धातू शोधायचं यंत्र बनवलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात सर्किट आलं होतं. बायकोची भरतकामाची रिंग घेऊन तिच्यावर तांब्याची तार गुंडाळली, ती झाडूच्या दांड्याला बांधली, वरच्या टोकाला साबणाच्या डबीत सर्किट बसवलं आणि शेजारी खिशातला ट्रान्झिस्टर रबरबँडनं अडकवला. ट्रान्झिस्टरमधून सतत शिट्टी यायची आणि रिंगखाली धातू आला की शिट्टीचा सूर चढायचा. एवढंच ते यंत्र. तळोज्याच्या एका कारखान्यात मी मीटर दुरुस्त करायचो, त्यामुळे विजेतलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

पहिले सहा महिने यंत्रानं माझी शोभा केली. नवीन पनवेल तेव्हा बांधून होत होतं. जिथं रिंग न्यावी तिथं सळ्यांचे तुकडे, खिळे, बाइंडिंगची तार. रविवारी सकाळी मी मोकळ्या मैदानात शिट्टी वाजवत फिरायचो आणि गॅलऱ्यांमधून सगळी बिल्डिंग दात काढायची. खालच्या मजल्यावर बँकेतले एक गृहस्थ राहायचे. ते भेटले की विचारायचे, "काय, सापडला का हंडा?" मला त्यांचा असा संताप यायचा! एकदा तरी काहीतरी खरं सापडावं आणि ते या माणसाच्या नाकावर टिच्चून दाखवावं, याखेरीज माझी त्या यंत्राकडून काही अपेक्षा नव्हती. पुढं जे झालं ते या हौसेपायी झालं.

दर बुधवारी संध्याकाळी, मी कामावरून आल्यावर, जासईच्या बाजूच्या एका गावातून मासे विकणारी बाई आमच्याकडे यायची. चाळिशी उलटलेली, काटक, बोलायला मोकळी. कॉलनीत सगळे तिला मावशी म्हणायचे. पाटीत मांदेली, बोंबील, कोलंबी, आपलं नशीब असलं तर जिताडं. वाट्यावर विकायची आणि पैसे घेऊन झाले की वर आणखी एक मूठ टाकायची. निघताना तिचं ठरलेलं वाक्य असायचं, "दादा, जरा हात लावा." मग मी पाटीला एका बाजूनं हात लावायचो, ती दुसऱ्या बाजूनं धरायची आणि पाटी तिच्या डोक्यावर चढायची.

एका बुधवारी मी दारातच यंत्राची तार जोडत बसलो होतो. तिनं विचारलं, हे काय, म्हणून मी तिच्या पाटीतल्या कोयत्यावर रिंग फिरवून दाखवली. शिट्टी किंचाळली. ती हसली नाही. पाटी सोडून ती खाली बसली.

"दादा, ह्याला चांदी पन कलतं?"

कळतं म्हटल्यावर तिनं मला बावीस वर्षांची हकिकत सांगितली. तिच्या सासूकडे अकरा राणीछाप रुपये होते, जुन्या चांदीचे. सासूनं ते मातीच्या लोटक्यात घालून माजघरात भात साठवायच्या कणग्याखाली पुरले होते. ही लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षी सासूनं कणगा हलवून खाली खणलं, तर लोटकं नाही. घरात नवीन माणूस एकच होतं. नवऱ्यानं मारलं. बापाला बोलावून घेतलं. बापानं सगळ्यांसमोर डोक्यावरची टोपी काढून विहिणीच्या पायाशी ठेवली, तरी सासूचा एकच धोशा, रुपये आण. बाप त्यानंतर लेकीच्या दारी आला नाही आणि पुढं तसाच मेला. त्या दिवसापासून तिचं घरातलं नाव चोट्टी. लग्नघरी ही गेली की बायका आपापली पिशवी मांडीखाली ओढून घेत. थोरल्या मुलीचं ठरत आलेलं लग्न तेवढ्यावरून मोडलं होतं.

"मना म्हाईत पन नव्हतं दादा, घरान रुपये हायेत त्ये," ती म्हणाली. "आता म्हातारी ऐंशीची झाली. मना रुपये नको. तिनी एकदा तोंडानी बोलावं, हिनं घेतलं नाय. चार बायांच्या म्होरं. मंग मेली तरी चालंल."

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. जमीन कंटेनर यार्डात गेली होती, घरदार गावाबाहेरच्या नव्या खोलीत हललं होतं आणि जुनं घर आठवड्याभरात पाडणार होते. मी छाती फुगवून म्हटलं, "येत्या रविवारी येतो."

रविवारी दुपारी गेलो. घराची कौलं उतरवली होती, दारं काढून नेली होती, माजघरात ऊन पडलं होतं. घरात आम्ही दोघंच. कणगा जिथं असायचा तो कोपरा तिनं दाखवला. तिथं मी पाऊण तास रिंग फिरवली, एक खिळासुद्धा सापडला नाही. ती भिंतीला टेकून उभी होती आणि माझ्या हाताकडे बघत होती. वैतागून मी समोरच्या भिंतीकडे वळलो आणि तिसऱ्याच फेरीला शिट्टी चढली. पहार घातली. पहिल्याच घावाला लोटकं फुटलं. खापऱ्यांमध्ये, एकमेकांना चिकटलेले, कोळशासारखे काळे अकरा रुपये होते.

ती खड्ड्याच्या काठाशी बसली आणि आत वाकून बघायला लागली. मग एकदम म्हणाली, "कनगा हितं व्हता! मी आली त्या पावसालीत पानी शिरलं, तवा मामंजींनी आन ह्यांनी उचलून तिकरं नेला. म्हातारी म्हायेरी व्हती." सगळं उलगडलं. म्हातारीनं जागा भिंतीवरून लक्षात ठेवली नव्हती, कणग्यावरून ठेवली होती. कणगा हलला आणि ती परत येऊन नव्या जागी खणत बसली. तेवढ्यावरून एका पोरीची बावीस वर्षं गेली. बाई पदर तोंडात धरून रडत होती आणि मला पहिल्यांदा आठवण झाली ती बँकवाल्यांची.

"थांबा दादा, कशाला हात लावू नका," ती उठत म्हणाली. "म्हातारीला उचलून आनतू. हितंच बघू द्या तिला, खड्ड्यान."

ती बरोबर बोलत होती. अडाणी बाई, पण साक्षीपुराव्याचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हटलं, "मावशी, असला तमाशा कशाला? या काळ्या चकत्या म्हातारीला ओळखू तरी येतील का? मी नीट करून आणतो. पुढच्या रविवारी चार बायका बोलवा, सगळ्यांसमोर देऊ." मला पाचची बस गाठायची होती, आणि रुपये हातातून सोडवतही नव्हते. तिनं खड्ड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुमी शिकलेले. तुमी सांगाल तसा."

घरी येऊन मी ते घासले. आमच्याकडे दिवाळीच्या आधी देवघरातली चांदी चिंच लावून घासायची पद्धत, लहानपणापासून ते काम माझ्याकडे असायचं, हाताला सवय होती. आधी चिंचेच्या कोळात बुडवून ठेवले. मग जुना ब्रश घेऊन पांढऱ्या दंतमंजनानं एकेक घासला. मग मऊ फडकं. काळ्यातून राणीचं नाक आलं, मुकुट आला, मागची वेलबुट्टी आली, साल वाचता यायला लागलं. आरसे करून टाकले मी त्यांचे. स्टीलच्या ताटलीत मांडले आणि खाली जाऊन बँकवाल्यांची बेल वाजवली. ते चष्मा लावून एकेक रुपया उलटसुलट बघत बसले. ते चार-पाच दिवस माझी मान जिन्यातसुद्धा ताठ असायची, हे आज सांगायला लाज वाटते.

बुधवारी ती आली आणि जिताडं काढून ओट्यावर ठेवलं. चांगलं दोन-अडीच किलोचं असेल. पैसे घेईना. "भावाला देतू म्हना," म्हणाली. मी घेतलं. तिनं रुपये बघायला मागितले. मी म्हटलं, "रविवारी. एकदम सगळ्यांसमोर." मला तिला चकित करायचं होतं.

रविवारी नव्या खोलीत पाच-सहा बायका जमल्या होत्या. म्हातारी खाटेवर उशाला टेकून बसलेली, हाडं आणि कातडं, पण डोळे चांगले. नवरा दारात उभा. मावशीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून अंबाड्यात अबोलीची वेणी माळली होती. लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच ती त्या बायकांच्या मधोमध उभी असावी. मी ताटली म्हातारीच्या मांडीवर ठेवली आणि वरचा रुमाल ओढला.

खोलीत उजेड बेताचाच होता, तरी रुपये लखलखले. मी बायकांच्या तोंडाकडे बघत होतो. मावशीकडे नजर गेली तेव्हा ती ताटलीकडे बघत होती आणि तिच्या तोंडावरचं हसू जागीच थिजलं होतं. तिला क्षणात कळलं. मला अजून कळलं नव्हतं.

म्हातारीनं एकेक उचलून उलटा केला, अंगठ्यानं चोळला. अकरा झाल्यावर मान वर केली.

"बावीस वर्सां मातीन व्हतं म्हनतेस? मातीन चांदी काली परते गो. ह्ये पेटीन ऱ्हायलेलं हायेत. आता घर परलं, पेटी उघरी परली, म्हनून आनून दिलंस."

मी घाईघाईनं पुढं झालो. "आजी, मी घासले ते. काळेच होते. मीच खणून काढले, समोरच्या भिंतीपाशी."

"तू कोन?"

"मी... पनवेलला राहतो. मावशी आमच्याकडे मासे द्यायला येतात."

"बरा," म्हातारी म्हणाली. मग सुनेकडे वळून, "म्हंजे बुधवारी जिताऱ्याचं पैशे आलं नाय, त्ये हिकरं गेलं व्हय? हा तुजा कोन?"

मागं एक बाई फिस्सकन हसली. मी ओरडून सांगितलं की चला, खड्डा दाखवतो, खापऱ्या दाखवतो. दारातून नवरा म्हणाला, "घर शुक्रवारी परला." माती, खापऱ्या, खड्डा, कणग्याखालचे दगड, सगळं सपाट झालं होतं. जे दाखवता आलं असतं ते रुपयांवर होतं आणि ते मी चिंचेच्या कोळात धुऊन मोरीत ओतलं होतं. मी कणग्याची हकिकत सांगायला लागलो तर म्हातारीनं विचारलं, तू तेव्हा होतास का तिथं. सासरा कधीच मेला होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. कणगा त्यानंच उचलला होता, त्याला आठवत असणारच. तो आईकडे बघत राहिला आणि मग बाहेर निघून गेला. त्याचं तोंड फोडावंसं वाटलं मला. पण माझं कोणी फोडायचं?

म्हातारीनं अकराच्या अकरा पदरात बांधून गाठ मारली. "चोट्टी हाय," ती बायकांना म्हणाली, "पन एक खाल्ला नाय, येवरा बाकी खरा." यावर सगळ्या हसल्या. हे हसणं दुष्टपणाचंही नव्हतं, कौतुकाचं होतं, आणि त्यामुळे ते जास्त लागलं.

पुढच्या बुधवारी ती येणार नाही असं मला वाटलं होतं. किंबहुना येऊ नये असंच वाटत होतं. पण ती नेहमीच्या वेळेला आली, पाटी उतरवली, मांदेल्यांचे वाटे लावले. मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हातानंच थांबवलं. कोपऱ्यात यंत्र उभं होतं, त्याच्याकडे बघत ती बोलली, आवाज न चढवता.

"बावीस वर्सां मना कोनी चोट्टी बोललं, तं मी बोलायची, माज्याकरं हायेत तं काढून दाखवा. कोनाला दाखवता येत नव्हतं. येवराच माज्याकरं व्हतं, दादा. आता काय बोलू, सांगा."

मी पैसे दिले. तिनं ते कनवटीला लावले आणि सवयीनं माझ्या भांड्यात वर एक मूठ टाकली.

मी पाटीला हात लावायला वाकलो. तिनं पाटी माझ्या हाताखालून बाजूला ओढली, चुंबळ डोक्यावर बसवली, गुडघ्यावर बसून पाटी आधी मांडीवर घेतली, मग खांद्याशी आणि तिथून एका झटक्यात डोक्यावर. पाण्याचा ओघळ तिच्या मानेवरून पाठीवर गेला. ती उठली आणि जिना उतरून गेली.