बिनभोंग्याचा रेडिओ

मुंबईहून आलेलं कुठलंही खोकं उघडलं की आमचे नाझर त्यातल्या गवतात कोपरापर्यंत हात घालायचे, तळ चाचपायचे आणि मान वर करून विचारायचे, "आणि बाकीचं?"

उत्तर द्यायला समोर मी. मी त्यांचा शेजारी, शिवाय कोर्टात त्यांच्या हाताखाली कारकुनी केलेली. ते निवृत्त झाले तरी माझी सुटका नव्हती. "बाकीचं आलं नाही, साहेब," असं मी म्हणायचं. मग ते म्हणायचे, "शिंच्यांनी वरात पाठवली नि नवरा ठेवून घेतला!"

अनुभवच तसा. विजेरी मागवली, ती सेलांवाचून आली. सेल येईपर्यंत त्या नळकांड्यात ते सुपारीची खांडं ठेवत, आणि अंधार पडला की कंदील घेऊन विजेरी शोधत.

असा माणूस रेडिओ मागवतोय म्हटल्यावर आमची आळी गप्प बसेल होय! "आंब्याचे भाव ऐकायला," असं ते सांगत. त्यांची कलमं होती दोन, आणि त्यांचे आंबे आम्हीच खायचो. खरं कारण साऱ्यांना ठाऊक होतं. मुंबईला दिलेली त्यांची मुलगी रेडिओवर गाणार होती. पोरीला लहानपणी गाणं शिकवलं ते यांनीच. पण लग्नानंतर ती चारचौघांत गायला लागली तसा यांनी अबोला धरला. दोन वर्षं ती माहेरी आली नव्हती, आणि काकू, म्हणजे नाझरांची बायको, तिच्या आवाजासाठी झुरत होत्या.

गाणं ज्येष्ठात होतं. त्याआधीच आगबोटी पावसाळ्यापुरत्या बंद व्हायच्या. म्हणजे जे काय यायचं ते वैशाखातच यायला हवं.

आधी पेटी आली. चकचकीत, शिसवी, आणि बॅटरीवाचून. दुकानदाराला तार केली; उत्तर आलं, बॅटरी वेगळी पडेल. बॅटरी आली, तर तिच्यात तेजाब नाही. ते मोटारदुरुस्तीवाल्याकडून भरून आणलं. आवाज पकडायची उंच तार तर दुकानदाराच्या गावीही नव्हती. ती आम्ही बाजारातून घेतली नि माडावर चढवली. माडावरच्या गड्याने वरून विचारलं, "ताईंचा आवाज हितनं येनार?"

"भाव येणार, भाव!" नाझर खालून ओरडले.

उरला भोंगा. त्याच्यावाचून आवाज पेटीबाहेर पडत नाही. शेवटच्या आगबोटीला आम्ही दोघं बंदरावर गेलो. नाझरांनी धक्क्यावरच खोकं फोडलं. आत निघाली कानाला लावायची जोडी: दोन वाट्या आणि मध्ये पोलादी पट्टी. भोंगा शिल्लक नाही, तूर्त यावर भागवावं, असा दुकानदाराचा निरोप.

"म्हणजे एकालाच ऐकू येणार?" नाझरांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"बरं झालं. आमच्या हिलाच तर ऐकायचंय." खोकं काखेत मारून ते घराकडे निघाले.

गाण्याच्या संध्याकाळी अख्खी आळी नाझरांच्या ओटीवर जमली. ऐकायला नव्हे, ऐकणाऱ्या काकूंना बघायला. काकूंनी वाट्या कानांना लावल्या. नाझर लांब खांबापाशी उभे. बराच वेळ काही नाही, आणि एकाएकी काकूंचा चेहरा उजळला. "आली गो माझी बाय!" मग नाझरांकडे बघून त्या म्हणाल्या, "अहो, या इकडे."

"मला भाव ऐकायचेत. ते नंतर लागतात."

"भाव मेले खड्ड्यात! तुम्ही शिकवलेलं भजन म्हणतेय पोर."

काकूंनी एक वाटी बाहेरच्या अंगाला वळवली. वाट्यांची तार ही एवढीशी. त्या वाटीला कान लावायचा तर गालाला गाल लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे तेव्हा नवराबायको चारचौघांत एका बाकावर बसत नसत. देवळात जातानाही नाझर पुढे नि काकू लांब मागे. तो माणूस अख्ख्या आळीदेखत खाली बसला आणि त्याने काकूंच्या डोक्याला डोकं टेकवलं.

आम्ही काय करणार? कोणी माडाकडे बघितलं, कोणी उगाच धोतराचा सोगा झटकला. एरवी दुसऱ्याच्या भांड्यात काय शिजतंय ते वासावरून सांगणाऱ्या बायका, त्यांनीही पाठ फिरवली. एकेक करत सगळे ओटी उतरले. मी फाटकाशी वळून पाहिलं. नाझर मांडीवर ताल धरून होते. डोळ्यांना धार लागली होती, आणि वाटी सुटेल म्हणून ते पुसतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला तार केली, "ये." आगबोटी बंद झालेल्या. पोर घाटावरून मोटारीने, हाडं खिळखिळी करून घेत आली.

पावसाळा सरल्यावर भोंगा आला. मी सुतळी कापायला कोयती घेतली, तर नाझरांनी ती हातातून काढून घेतली. "राहू दे रे. काय अडलंय?"

नाझर जाऊन आता बरेच दिवस झाले. मुलगी अजून रेडिओवर गाते. परवा मी काकूंना म्हटलं, "ते खोकं उघडून भोंगा जोडून देतो. बसल्या जागी ऐकाल."

"नको रे बाबा. येतं मला ऐकू," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी एक वाटी कानाला लावली. दुसरी बाहेरच्या अंगाला वळवलेलीच होती.