आमच्या बूथवरचं ते एक मत

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी जे शौर्य गाजवलं त्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. बेंगळुरात, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांनी घडवलेले भाग मोजायचे, कागदावर आकडा लिहायचा आणि खाली सही ठोकायची. आकडे वाचण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी यशवंतपुरात सगळ्यांना वर्षानुवर्षं ऐकवत आलोय. तळमजल्यावरच्या घरमालकीण अक्का त्यावर कानडीत नुसतं "सरी, सरी" म्हणतात, म्हणजे "बरं, बरं". त्यांच्या त्या दोन शब्दांत किती अविश्वास होता, ते मला फार उशिरा कळलं.

आमचं गाव कोकणात, खाडीच्या तोंडाशी. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी असते. मतदार यादीत माझं नावही अजून तिथेच आहे. ते इकडे आणायचा अर्ज मी दर निवडणुकीला भरायचं ठरवतो आणि दर निवडणुकीला रजा काढून गावी जातो.

वडील जन्मभर एकाच चिन्हाचे पोलिंग एजंट होते, आणि ते चिन्ह जवळजवळ जन्मभर पडलं. त्यांनी मागे ठेवलेल्या वहीत आमच्या मतदारसंघाच्या सगळ्या निवडणुका आहेत. सुरुवातीला मतपेट्या होडीतून खाडी ओलांडायच्या. पेटी भिजू नये म्हणून एकदा वडिलांनी स्वतःची घोंगडी तिच्यावर घातली आणि आपण आठ दिवस तापाने फणफणले. शिक्का कुठे मारायचा हे मुंबईच्या चाकरमान्यांच्या पत्रातून कळायचं. एका निवडणुकीच्या आधी विजेचे खांब आले. मतदान झालं तसे ते आडवेच पडून राहिले, आणि पुढच्या निवडणुकीला उभे झाले. मग साकव, मग पूल, मग जेटी. माणसं तीच असायची, चिन्हं तेवढी बदलायची.

या खेपेला बंधारा होता. समुद्राने किनाऱ्यावरच्या माडांच्या दोन रांगा खाल्ल्या होत्या आणि तिसरीला तोंड लावलं होतं. बंधाऱ्याचा शब्द देणाऱ्याला अख्ख्या गावाने मत द्यायचं, असं ठरलं. देवळात नारळ ठेवला गेला आणि गावच्या मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, सगळो गाव एकाच बटणार बोट ठेवतलो. जो कोण फुटात, त्येचा काय ता तू बघून घे!"

"व्हय म्हाराजा!" असं सर्वांत मोठ्याने कोण ओरडलं असेल? मीच. मशीनसमोरही मी गावाने ठरवलेलंच बटण दाबलं. वडिलांच्या चिन्हाकडे पाहिलंसुद्धा नाही. देव बघत असला तर?

आमचा उमेदवार निवडून आला. बंधाऱ्याचे दगडही आले. ते रस्त्याकडेला आहेत.

हे सगळं लिहून काढावं, मतदारसंघाचा इतिहास करावा, अशी सुरसुरी मला एका रविवारी आली. मोबाइलवर निकालाचा केंद्रवार तक्ता उतरवला. बारीक आकड्यांच्या अंतहीन ओळी. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताने पान सरकवतोय, अशा थाटात मी आमचं केंद्र गाठलं आणि थक्क झालो. सगळी मतं एकाला, आणि दुसऱ्या चिन्हाला फक्त एक! लगेच गावाच्या ग्रुपवर टाकलं, "आपल्या गावाची ऐतिहासिक एकजूट! सगळी मतं एकीकडे, फक्त एक सोडून!" पुढे हसणारा चेहरा.

मला वाटलं, आता टाळ्या पडतील.  दहा मिनिटांनी एक ओळ आली.

"तो एक कोण?"

सोमवारी कारखान्यात फोन थरथरतच राहिला. 'नारळ मोडलो.' 'बंधारो म्हणानच अडकलो.' 'जुन्या चिन्हाचा घर गावात एकच आसा.' ते घर आमचं.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. शेजारच्या वहिनी दिवसातून चार वेळा येऊन डोळ्यात थेंब घालायच्या. दुपारी आईचा फोन आला.

"आज सकाळपासून थेंब घालूक कोण इला नाय रे. शेजारीण दार लावन बसली हा."

"तू घाल ना आपले आपण."

"हात कापता. थेंब गालार पडतत." मग म्हणाली, "उद्या माका देवळात बोलवल्यानी हा. नारळार हात ठेवन सांग म्हणतत."

वाळीत टाकणं हा शब्द आता कुणी काढत नाही, त्याविरुद्ध कायदा आहे. आता फक्त कुणी येत नाही. लहानपणी एका घराचं असं झालेलं मी पाहिलं होतं. त्यांच्या अंगणात पडलेले नारळ उचलायला कुणी गडी मिळेना, आणि आम्ही पोरं त्या घरासमोरून पळत जायचो. का पळायचो ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. आता त्या अंगणात मला आई दिसत होती, एका डोळ्यावर हात धरून बसलेली.

त्या दिवशी मी एक चांगला भाग नापास केला आणि एक वाकडा पास केला. घरी आलो तेव्हा अक्का दारातच होत्या.

"काय झालं अण्णा? तोंड असं का केलंय? स्वल्प बसा."

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग सांगून टाका ना, ते मत माझं म्हणून."

"पण ते माझं नाही, अक्का!"

"नसू दे की. तुम्ही इतक्या लांब आहात. तुमच्या डोळ्यात कोण थेंब घालतंय?"

ग्रुपवर ते पाच शब्द लिहायला मला अर्धा तास लागला. 'ते एक मत माझं होतं.' पाठवल्यावर मी पंख्याखाली घामाने भिजून बसलो, जणू देव यशवंतपूरच्या गाडीत बसलाच आहे. मग आल्या त्या शिव्या. 'गद्दार.' 'मेल्या, बेंगळुरातच ऱ्हव.' एकाने तर बंधाऱ्याचे दगड माझ्या छातीवर रचायचं सुचवलं. आणि मला ग्रुपमधून काढलं.

पण आठ वाजता आईचा फोन आला, "इली रे बाबा ती. घातल्यान थेंब."

मी भिंतीला टेकलो. वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी त्या वहिनींचाच फोन आला. आवाज अगदी दबका. "भावजी, तुमी माका वाचवलास. ता मत माजा होता. म्हणान तर मी दाराबाहेर पडूक भियत होतंय."

मी खूश झालो. त्या एका मताचा धनी सापडला! दुपारी मानकऱ्यांचा फोन आला. आधी त्यांनी मला यथेच्छ झोडलं. गावात पाऊल ठेवायचं नाही, देवाची माफी मागायची, नारळ द्यायचा. मी "होय काका, होय काका" करत राहिलो. मग ते खाकरले.

"आणि रे... त्या कागदार नावां नसतत ना?"

"नाही काका. नुसते आकडे."

"नाय, सहज इचारलंय." आणि फोन ठेवला.

मत एक, आणि त्याच्या पायी घाबरलेली माणसं दोन. मी तक्ता पुन्हा उघडला. या वेळी चहा नव्हता. ओळीखाली पट्टी धरली, कारखान्यात धरतो तशी. माझी ओळ घसरली होती. ते एक मत खाडीपलीकडच्या वाडीचं होतं. आमच्या केंद्राची ओळ त्याच्या वर होती, आणि त्या ओळीतला दुसऱ्या चिन्हाचा आकडा मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की देवळात माझ्याभोवती "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांतला बराच मोठा गाव त्यात मावला असता.

खरं सांगावं, तर घराघरांत एकमेकांकडे बोटं जातील. गप्प बसावं, तर तो तक्ता सगळ्यांना उघडा आहे, आणि ओळीखाली पट्टी धरणारा कुणीतरी कधीतरी निघेलच. मी फाइल पुसली. जणू माझ्या फोनमधून गेली की जगातून गेली.

महिन्याने आईच्या डोळ्याला चष्मा आला. सगळं लख्ख दिसतंय म्हणाली. वडिलांची वही वाचते म्हणाली. 

"काय रे, आपल्या बूथार फुटलेला मत एकच होता म्हणतंस ना? आणि ता तुजा?"

"हो."

"मग माजा खंय गेला?"