गव्हातला राक्षस

माझं बोलणं निम्म्याने कापून घ्यावं, असं माझी बायको लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांना सांगत आली आहे. अंधेरीच्या आमच्या चाळीमागच्या टेकडीवर मी वाघ पाहिला असं म्हणालो, की स्वयंपाकघरातून आवाज येणार, "बोका होता!" तेव्हा पुढे जे सांगतोय त्यातलं काय किती कापायचं, ते तुमचं तुम्ही बघा. फक्त आमच्या मुलीच्या पोटाला हात लावू नका. ते खरोखरच तेवढं होतं.

तीन वर्षांची पोर. पोट असं, की चाळीतला गणपती तिच्यापुढे उपाशी वाटावा. हातपाय मात्र उदबत्तीच्या काड्या. केस भुरे, सारखी किरकिर, आणि जुलाब. त्या जुलाबांचं वर्णन मी एकदा मरोळच्या आमच्या कारखान्यात डबा खाताना केलं, तर त्यानंतर माझ्या टेबलावर जेवायला कुणी बसलं नाही. जोगेश्वरीपासून मुलुंडपर्यंत आम्ही एक डॉक्टर सोडला नाही. एक म्हणाला जंत, दुसरा म्हणाला मुडदूस, तिसऱ्याने लिव्हरचं औषध दिलं. शेजारच्या मालवणी मावशींनी दृष्ट काढली, आणि मिरच्यांचा ठसकाच आला नाही म्हणून सगळ्या चाळीने माना डोलावल्या. सल्ला मात्र सगळ्यांचा एकच: पोरीला अंगी लागेल असं काहीतरी घाला.

आम्ही घातलं. दुधात कुस्करलेली पोळी. रव्याची खीर. ग्लुकोजची बिस्किटं. ताकद यावी म्हणून बायको गहू भिजवून, वाटून, गाळून गव्हाचं सत्त्व काढायची, त्यात साजूक तूप आणि वेलची. पोर जितकी वाळायची, तितकं आम्ही जास्त घालायचो.

शेवटी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे मुलांच्या एक डॉक्टरबाई होत्या. चष्मा जाड, बोलणं तोडून.

"दिवसातून किती वेळा होते?"

"पन्नास," मी म्हणालो.

"सहा-सात," बायको म्हणाली.

"रडते?"

"विमानं सांताक्रूझला उतरायला घाबरतात."

"झोपत नाही," बायको म्हणाली.

बाईंनी त्यानंतर माझ्याकडे बघणंच बंद केलं. पोरीच्या पोटावर बोटं वाजवून पाहिली, मांडीची लोंबणारी कातडी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "हिला गहू सोसत नसावा."

"गहू?" बायको हसलीच. "अहो, गहू कुणाला सोसत नाही?"

"असतात अशी मुलं. सीलिॲक म्हणतात त्याला. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, त्याने यांचं आतडं आतून झिजतं. मग खाल्लेलं काही अंगी लागत नाही. आपल्याकडे कुणी शोधत नाही, म्हणून सापडत नाहीत."

बायको हसायची थांबली. गव्हाचं सत्त्व तिला आठवलं असणार. मला तर आठवलंच.

खात्री करायची तर आतड्याचा कण काढून तपासायचा. त्यासाठी एक लांब बारीक नळी, तिच्या टोकाला बोराच्या बीएवढी धातूची डबी. ती पोरीने गिळायची. डबी जठरातून पुढे आतड्यात सरकेपर्यंत पडून राहायचं, मधेमधे एक्स-रेखाली बघायचं कुठवर पोचली ते. मग बाहेरून सिरिंजने ओढ दिली, की डबीतलं पातं फिरतं आणि कणभर तुकडा आत अडकतो. हे ऐकून बायको खाली बसली. मीही बसलो असतो, पण खुर्ची एकच होती.

नर्सने डबी तोंडाशी नेली, पोरीने तिला चावलं. वॉर्डबॉयने धरून ठेवलं, त्याला चावलं. डॉक्टरबाई पुढे झाल्या आणि चावण्याआधीच मागे झाल्या. मग मी बाह्या सरसावल्या. देवाने मला ज्या कामासाठी जन्माला घातलं, ते काम शेवटी समोर आलं होतं.

"तुझ्या पोटात राक्षस आहे," मी म्हणालो.

रडणं थांबलं. "केवढा?"

"वाटाण्याएवढा. पण भूक चाळीएवढी. गव्हातून शिरलाय. तू जेवतेस ते सगळं तोच खातो. ही डबी म्हणजे त्याचा पिंजरा. दार उघडं ठेवून आत सोडायची, तो शिरला की डॉक्टरबाई खटकन दार लावणार."

"त्याला दात आहेत?"

"होते. तुझी बिस्किटं खाऊन किडले."

ती हसली, आणि त्या हसण्यातच डबी घशाखाली गेली. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "तुम्ही रोज सकाळी इथे येत चला." माझ्या थापांना मिळालेलं हे पहिलं आणि शेवटचं प्रशस्तिपत्र.

काही दिवसांनी बाईंनी सांगितलं, की आतड्यात आतून मखमल असायला हवी, हिच्या आतड्याची फरशी झालीय. गहू पूर्ण बंद. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, सगळं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी चालेल.

चालेल म्हणायला सोपं. तेव्हा रेशनवर लाल गहू हवा तेवढा आणि तांदूळ अंगाऱ्याएवढा. ज्वारीचीही बोंब. मग मला जोगेश्वरीच्या तबेल्यातला आमचा दूधवाला भय्या आठवला. भात म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं त्याचं ठाम मत. "साब, चावल से आदमी का पेट भरता है क्या?" असं म्हणत त्याने रेशनचा तांदूळ आमच्या पिशवीत ओतला आणि आमचा गहू आपल्या डब्यात. दर आठवड्याला हा सौदा म्हशींच्या साक्षीने व्हायचा. आम्हाला वाटलं, जिंकलो. तरी पोरीचं पोट काही पुरतं उतरेना. शेवटी बायकोच्याच लक्षात आलं. गिरणीत आमचे तांदूळ गव्हावर दळले जात होते. गव्हाचं उरलेलं पीठ आमच्या पिठात येत होतं. त्या दिवसापासून तिने माळ्यावरचं जातं खाली उतरवलं आणि पोरीपुरतं पीठ घरीच दळू लागली. मी एकदा ओढून पाहिलं. आठवडाभर मला शर्टात हात घालता येत नव्हता. हे कापू नका, हेही खरं आहे.

पण खरा पहारा राक्षसाने दिला. पोर त्याला इतकी घाबरली, की कुणाच्या वाढदिवसाला केक आला तर ही आधी ओरडायची, "यात राक्षस आहे!" आणि चार मुलं रडायला लागायची. मालवणी मावशी चपातीचा तुकडा तुपात बुडवून घेऊन यायच्या. "चेडवाक उपाशी मारतस काय? एक तुकडो खाल्लो तर काय होतला?" पोर कॉटखाली. मावशी कॉटखाली वाकलेल्या. मी दारात उभा राहून राक्षसाचा आवाज काढतोय, असा तो देखावा.

आणि पोर भरली. गालावर मांस आलं, केस काळे झाले, जिने धावत चढू लागली. दोनेक वर्षांत शाळेत जायला लागली. मी तिला खांद्यावर घेऊन अख्ख्या चाळीला दाखवून आलो. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला धाप लागली, एवढी जड.

मग डॉक्टरबाईंनी बोलावलं. वजन पाहून खूश झाल्या. म्हणाल्या, "आता तीन महिने तिला गहू द्या."

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा माझं खातं, मी ओळखतो. ती थट्टा नव्हती.

"लहान मुलांच्या आतड्याची फरशी दुसऱ्या कारणांनीही होते. ती बरी होते, मग ती मुलं काहीही खाऊ शकतात. जन्मभर गहू तोडायचा म्हणजे खात्री हवी. गहू देऊन पुन्हा तुकडा काढायचा. अशीच पद्धत आहे."

"आणि फरशी झाली तर?" बायकोने विचारलं.

"तर खात्री झाली."

"आणि तोवर तिचं जे होईल ते?"

बाईंनी टेबलावरचा पेन उचलून दुसरीकडे ठेवला. दुष्ट नव्हत्या. त्यांच्याकडेही दुसरा मार्ग नव्हता.

घरी बायकोने सांगून टाकलं, "मी माझ्या हाताने घालणार नाही. तुम्ही घाला." मी पोळीचा तुकडा घेऊन पोरीपुढे बसलो. ती भिंतीला टेकली आणि ओठ आवळून घेतले. मीच शिकवलेलं. मी तो तुकडा स्वतः खाऊन दाखवला. ती रडायला लागली, बाबांच्या पोटात राक्षस गेला म्हणून.

मग मी दुसरी गोष्ट रचली. ट्रॉम्बेला समुद्राकाठी मोठा घुमट आहे, तिथे शास्त्रज्ञ अणू फोडतात. मी त्यांना जाऊन भेटलो. त्यांनी एक निळा किरण सोडला, अंधेरीपासून भांडुपपर्यंत सगळ्या दुकानांतल्या गव्हावरून फिरवला, आणि राक्षस पटापट मेले. मेल्यावर त्यांची जी राख झाली, तिचीच खारी बिस्किटं करतात, म्हणून ती अशी पापुद्र्यांची असतात.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. "तुम्ही स्वतः भेटलात?"

"चहा पाजला त्यांनी मला."

तिने खारीचा एक पापुद्रा उचलला आणि जिभेवर ठेवला.

त्यापुढचे तीन महिने काय सांगू? अंधेरीत तिच्याइतकं सुखी माणूस नव्हतं. संध्याकाळी मी कामावरून आलो, की स्टेशनजवळच्या बेकरीत आमची फेरी. खारी, नानकटाई, लोणी लावलेला पाव. पाववाला तिला लांबून बघूनच पुडी बांधायला घ्यायचा. होळीला पुरणपोळी. मावशींच्या चपात्या मावशींच्याच घरी, मांडी घालून. मावशी मला म्हणायच्या, "बघलंस? काय झाला?" पोर शाळेत सांगून आली, की माझ्या बाबांनी सगळ्या जगातले राक्षस मारले. माझ्याहून जास्त फेकली होती.

आणि पोट वाढू लागलं. आधी फ्रॉकच्या बटणापाशी. मग गाल उतरले. जिना चढताना मधल्या पायरीवर ती उभी राहायची आणि भिंतीवरच्या मुंग्या बघतेय असं दाखवायची.

"पोट दुखतं का गं?" बायको विचारायची.

"छे! मला एवढी ताकद आलीय, की आज शाळेत मी फळा उचलला."

"शी कितीदा झाली?"

"एकदा. आणि सोन्याची झाली."

बायको माझ्याकडे बघायची. मला तोंड लपवायला जागा नसायची. त्या पोरीचं निम्म्याने कापायचं, की तिपटीने वाढवायचं, काही कळेना. मी बेकरीच्या दारातून परत फिरावं म्हणायचो, तर ती माझं बोट धरून पुढे ओढायची, आणि डॉक्टरबाईंचे तीन महिने संपलेले नसायचे. मी पुडी घ्यायचो. दुसरं काय करणार होतो?

पुन्हा इस्पितळ. पुन्हा ती डबी. मी बाह्या सरसावल्या. "हे बघ, हा पिंजरा म्हणजे..."

"गोष्ट नको, बाबा."

तिने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि डबी गिळली. डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळलं. नर्सच्या हाताला हात लावला नाही, चावली नाही. चावली असती तर बरं वाटलं असतं.

निकाल घ्यायला आम्ही दोघंच गेलो, ती आणि मी. बाईंनी एकच शब्द सांगितला. फरशी. मग थोडं थांबून, "आता शंका नाही. आजपासून बंद. कायमचं." पोरीच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. पोर त्यांचा चष्मा बघत होती.

अंधेरीला उतरलो तेव्हा बेकरीत गरम घाणा निघत होता. वास पार स्टेशनच्या पुलापर्यंत. पाववाल्याने आम्हाला पाहिलं आणि कागद फाडला. माझ्या डोक्यात तिसरी गोष्ट तयार होती. ट्रॉम्बेचा किरण विझला, राक्षसांच्या राखेतून पिल्लं निघाली, वगैरे. चांगली होती. तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही.

"तो मेला नव्हताच ना?" तिने विचारलं.

"नाही."

"म्हणजे तो नव्हताच."

"नाही. तुला गहू चालत नाही. एवढंच आहे."

"मला माहीत होतं."

"मग पोट दुखत होतं ते सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही खारी बंद केली असती." तिने पाववाल्याच्या हातातल्या पुडीकडे पाहिलं. "आता किती दिवस बंद?"

"जन्मभर."

माझं बोट धरून ती अगदी शहाण्यासारखं म्हणाली, "आई म्हणते, बाबांचं निम्मं धरायचं. जन्मभरचं निम्मं किती होतं?"

पाववाला पुडी पुढे करून उभा होता. "लो साब, गरम है," तो म्हणाला. आणि ती वर बघत होती, माझ्या उत्तराची वाट.