वृंदाताईंची मांडणी

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत वृंदा कारखानीस कॉम्प्युटर सांभाळायच्या. मजकुरात ठरावीक खुणा टाकल्या की मथळा मध्यभागी, अक्षरं ठळक, ओळी सारख्या करून छापणारा एक प्रोग्राम त्यांनी १९९३ साली घरी बसून लिहिला. नाव ठेवलं 'मांडणी'. मागेल त्याला तो फ्लॉपीवर द्यायच्या, आतल्या कोडसकट. "हवा तसा बदला, फक्त काय बदललंत ते मला कळवा," एवढीच अट.

चामटोलीचे हिरामण सर बदलापुरात गणिताचे क्लास घेत. एका रविवारी ते सकाळीच दारात.

"ताई, काल परीक्षा होती आणि तुमची मांडणी रुसली! वर्गाचा वरचा छोटा दोन टाकला, तर 'खूण माहीत नाही' म्हणून बंदच पडली. अख्खा पेपर फळ्यावर लिहिला मी."

"पण सर, अंक वर चढवून छापणं तिला येतच नाही. सूचनांत लिहिलंय मी तसं."

"एक अंक येत नाही म्हणून चार पानं अडवायची?"

हे वृंदाताईंना लागलं. चहा निवायच्या आत त्यांनी बदल केला: न समजलेली खूण सोडून द्यायची, पुढे छापत राहायचं.

पुढच्या रविवारी सर पुन्हा हजर, हसू दाबत. पाचाचा वर्ग अधिक तीन, याचं छापताना '५२ + ३' झालं होतं. पोरांनी आनंदाने पंचावन्न लिहिले होते.

वृंदाताई हसल्या नाहीत. "अडून बसायची तेव्हा निदान तुम्हाला कळायचं तरी. आता मी तिला खोटं बोलायला शिकवलं."

आठवडाभर त्या त्यातच होत्या. मग मांडणी '५^२' छापू लागली, आणि शेवटी पडद्यावर सांगू लागली: 'ओळ १४: अंक वर नेता आला नाही, ^ लावून छापला आहे.'

"ही टोपी पोरांना कळेल?" सरांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल की."

सरांनी सांगितलं. एवढंच नाही, हळूहळू स्वतः कोड वाचायला शिकले आणि वर्गमूळ कसं छापायचं ते लिहून फ्लॉपी पाठवली. ताईंनी ते नव्या आवृत्तीत घेतलं, सूचनांच्या पानाखाली नावासकट: हिरामण भोईर, चामटोली.

सरांनी ते पान छापून वडिलांना वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"गावाचं नाव बराबर लिवलंय ना?" एवढंच विचारलं, आणि कागद नीट घडी करून खिशात ठेवला.